ओपन-टॉप डाऊनड्राफ्ट गॅसिफायर: टारच्या कसोटीवर

लाकडाच्या गॅसवर इंजिन चालवायचे ठरवले की विक्रेता किलोवॅट सांगतो, किलोभर लाकडातून किती युनिट वीज निघेल ते सांगतो, डिझेल किती वाचेल तेही सांगतो. टारचा, म्हणजे लाकडाच्या धुरातल्या डांबरासारख्या चिकट अंशाचा, विषय मात्र आपण काढल्याशिवाय निघत नाही. संच पाच वर्षे चालणार की शेडच्या कोपऱ्यात गंजत पडणार, हे बहुतेक ठिकाणी टारच ठरवतो. म्हणून हे परीक्षण त्या एकाच बाजूने केले आहे. परीक्षणाला घेतला आहे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विकसित झालेला, वरून उघडा असणारा (ओपन-टॉप) डाऊनड्राफ्ट गॅसिफायर, म्हणजे लाकूड अर्धवट जाळून त्याचा पेटणारा गॅस करणारी आणि तो गॅस खालून काढणारी भट्टी. क्षमता २० ते १०० किलोवॅट, इंधन लाकूड किंवा नारळाची करवंटी, आणि गॅस इंजिनासाठी.

या आराखड्यावर संस्थेच्या ज्वलन, गॅसिफिकेशन व प्रणोदन प्रयोगशाळेत प्रा. एच. एस. मुकुंदा आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून काम केले. कर्नाटकातल्या होसहळ्ळी गावात १९८८ मध्ये ३.७ किलोवॅटचा संच बसला आणि पुढे त्याची जागा २० किलोवॅटच्या संचाने घेतली. दिवे, पिण्याच्या पाण्याचा पंप, पिठाची गिरणी ही तिथली कामे होती. १९९०च्या दशकात भारत-स्विस सहकार्यातून या रचनेच्या गॅसची तपासणीही झाली. म्हणजे वस्तू नवखी नाही आणि तिचे गुणदोष अनेकांनी मोजलेले आहेत.

आकडे आधी

टार म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. लाकूड २०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यातून जो धूर सुटतो, त्यात शेकडो सेंद्रिय संयुगे असतात. तापमान चढत जाते तशी ती तुटतात आणि रूप बदलतात. सुरुवातीला आम्लाच्या आणि साखरेच्या जातीची, मग फिनॉलच्या जातीची, आणि ८०० अंशांच्या वर नॅप्थलीनसारखी चिवट कड्यांची. कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्या म्हणजे हेच नॅप्थलीन. गॅस थंड झाला की यातली जड संयुगे आधी चिकटतात, हलकी नंतर, आणि काही पाण्यात उतरतात. हा फरक पुढे गॅस धुण्याच्या भागात कामाला येतो.

अपड्राफ्ट, म्हणजे गॅस वरून निघणाऱ्या, गॅसिफायरच्या दर घनमीटर गॅसमध्ये टारचे प्रमाण दहा ग्रॅमपासून शंभर ग्रॅमपर्यंत असते. फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (हवेच्या झोताने उसळत्या ठेवलेल्या वाळूसारख्या थरात) ते दहा ग्रॅमच्या आसपास आणि डाऊनड्राफ्टमध्ये एक ग्रॅम किंवा त्याहून कमी. टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या साध्या इंजिनाला १०० मिलिग्रॅमच्या खाली टार आणि ५० मिलिग्रॅमच्या खाली धूळ लागते. टर्बो असेल तर याहून बरेच कमी. म्हणजे डाऊनड्राफ्ट घेतला तरी मधली दहापटीची दरी कुठेतरी भरून काढावीच लागते. ती भट्टीच्या आत भरायची की भट्टीबाहेर पाण्याने, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. आमचे मत स्पष्ट आहे: आत जळालेला टार काहीच खर्च मागत नाही, बाहेर धुतलेला टार रोज पाणी, वाळू, मजूर आणि शेजाऱ्यांची नाराजी मागतो. या कसोटीवर ओपन-टॉप रचना भट्टीच्या आत चांगले गुण मिळवते आणि भट्टीबाहेर मध्यम.

भट्टीच्या आत काय घडते

जुन्या इंबर्ट पद्धतीच्या गॅसिफायरमध्ये झाकणबंद टाकी, खाली नोझलचे एक कडे आणि त्याखाली अरुंद गळा असतो. सगळी हवा नोझलमधून येते. नोझलजवळ प्रखर आग, पण दोन नोझलच्या मध्ये आणि गळ्याच्या मध्यभागी थंड पट्टे राहू शकतात. धुराचा जेवढा भाग त्या पट्ट्यांतून निसटतो, तेवढा टार न तुटता बाहेर पडतो.

ओपन-टॉपमध्ये वरचे तोंड उघडे असते आणि हवा दोन वाटांनी येते: थोडी वरून, लाकडाच्या थरातून झिरपत, आणि उरलेली बाजूच्या नोझलमधून. वरून येणाऱ्या हवेमुळे आगीचा थर वर सरकायला बघतो, नोझलची हवा खालचा निखारा पेटता ठेवते. दोन्ही मिळून १००० अंशांच्या वरचा पट्टा जाड होतो. धूर त्या पट्ट्यातून आणि मग लालभडक कोळशाच्या थरातून जातो. टार तुटायला तापमान, वेळ आणि प्राणवायूशी नीट मिसळण हे तीनही लागतात, आणि तिन्हींची सोय या रचनेत होते. कोळशाचा तापलेला थर स्वतःच उत्प्रेरकाचे काम करतो. खालच्या भागाला आतून सिरॅमिकचे अस्तर असल्यामुळे भिंतीलगत थंड कडा राहत नाही आणि गळ्याचा धातू जळून वाकण्याचा प्रश्नही उरत नाही.

उघड्या तोंडाचे आणखी दोन फायदे आहेत, जे माहितीपत्रकात क्वचित येतात. एक म्हणजे इंधन घालण्यासाठी यंत्र थांबवावे लागत नाही, झाकण उघडताना भसकन पेट घेण्याची भीतीही नाही. दुसरे म्हणजे लाकूड अडकले तर वरून सळईने मोकळे करता येते. तोटाही लक्षात ठेवावा: ब्लोअर किंवा इंजिनाची ओढ थांबली की वरून धूर येतो, आणि त्या गॅसमध्ये १८ ते २० टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. छप्पर उंच आणि बाजू उघड्या असलेली शेड, आणि भट्टीशेजारी कार्बन मोनॉक्साइडचा गजर, या दोन गोष्टी नसतील तर संच चालूच करू नये. या वायूला वास नाही, रंग नाही.

राख आणि बारीक कोळसा काढण्याची सोय जुन्या संचांत जाळी आणि पाण्याच्या सीलची (पाण्याने हवा अडवण्याची) होती, पुढे फिरणारा स्क्रू आला. लाकडावर चालताना इंधनाच्या वजनाच्या साधारण ५ टक्के कोळसा-राख खालून सतत काढली की थर मोकळा राहतो. ती काढायचा कंटाळा केला तर थर गच्च होतो, दाब वाढतो, हवा कुठेतरी फट शोधते आणि त्या फटीतून टार निसटतो.

भार: मोठा संच घेण्याची चूक

"पुढे लागेल म्हणून जरा मोठाच घ्या" हा सल्ला पंपाला चालतो, गॅसिफायरला नाही. भार कमी झाला की ओढली जाणारी हवा कमी होते, आग आक्रसते, तापमान उतरते आणि टार वाढतो. इंबर्ट पद्धतीसाठी यावर एक जुने, विश्वासाचे गणित आहे. ताशी गॅस घनमीटरमध्ये घ्यायचा आणि त्याला गळ्याच्या चौरस सेंटिमीटरमधल्या क्षेत्रफळाने भागायचे. हा आकडा ०.९ च्या वर जाऊ नये आणि ०.३ ते ०.३५ च्या खाली उतरू नये.

उदाहरण करून पाहू. एका युनिटला १.२ किलो लाकूड आणि किलोमागे २.५ घनमीटर गॅस धरला तर एका युनिटला ३ घनमीटर गॅस लागतो. २० किलोवॅटला ताशी ६० घनमीटर. गळा १० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, आकडा येतो ०.७६. उत्तम. तोच संच संध्याकाळी फक्त दिव्यांसाठी ६ किलोवॅटवर चालवला तर ताशी १८ घनमीटर, आकडा ०.२३. आता टार येणारच. आणि २० किलोवॅटची गरज असताना १४ सेंटिमीटर गळ्याचा संच घेतला तर क्षेत्रफळ १५४ होते, पूर्ण भारावरसुद्धा आकडा ०.३९ वर अडकतो आणि अर्ध्या भारावर ०.१९ वर घसरतो.

ओपन-टॉपला गळा नसल्यामुळे हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही आणि कमी भार तो इंबर्टपेक्षा बराच सहन करतो. या बाबतीत त्याला पूर्ण गुण. पण सहन करतो याचा अर्थ आवडतो असा नाही. नेमून दिलेल्या क्षमतेच्या ४० टक्क्यांखाली तो तासन्‌तास चालवू नये, असे आम्ही सुचवू. गावाचा किंवा कारखान्याचा भार दिवसभर पातळ पसरलेला असेल तर गिरणी, पंप, बॅटरी चार्जिंग ही कामे एकाच चार-सहा तासांच्या पट्ट्यात आणावीत आणि उरलेला वेळ संच बंद ठेवावा. होसहळ्ळीसारख्या ठिकाणी दिव्यांच्या जोडीला गिरणी आणि पंप होते, ते टारच्या दृष्टीनेही सोयीचे होते.

इंधन: इथेच बहुतेक जण हरतात

टारची तक्रार असलेल्या दहा संचांची तपासणी करायची तर आधी लाकडाच्या ढिगाकडे जावे, भट्टीकडे नंतर. ओले लाकूड, लांब तुकडे आणि चुरा, ही तीनच कारणे पुन्हा पुन्हा सापडतात.

ओलावा १५ टक्क्यांच्या आत हवा, २० ही शेवटची हद्द. ताज्या तोडीच्या लाकडात ४० ते ५० टक्के पाणी असते. दर किलो पाण्याची नुसती वाफ करायलाच २.२६ मेगाज्यूल उष्णता जाते, वर ती वाफ आगीच्या तापमानापर्यंत तापवावी लागते. ही उष्णता टार तोडणाऱ्या पट्ट्यातूनच चोरली जाते. ओलावा मोजायला महाग मीटर लागत नाही: १०० ग्रॅम तुकडे घ्या, १०५ अंशांवर ओव्हनमध्ये २४ तास ठेवा, पुन्हा तोला. ८५ ग्रॅमपेक्षा कमी भरले तर तो ढीग अजून वाळवायचा. सुईच्या मीटरवर विसंबू नये, तो तुकड्याच्या वरच्या थराचा ओलावा दाखवतो. मोठ्या ओंडक्याचा गाभा ओला असतो, म्हणून आधी तुकडे करायचे आणि मग वाळवायचे. उलट क्रम केला तर महिनाभर उन्हात ठेवूनही आत पाणी राहते.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की वाळलेले लाकूडही शेडमध्ये पुन्हा ओलावा ओढून २० टक्क्यांकडे सरकते. तिथे इंजिनाच्या एक्झॉस्टवर चालणारा वाळवणीचा खोका ही चैन नाही, गॅसिफायरचाच भाग आहे. एक्झॉस्टमध्ये बाहेरची हवा मिसळून तापमान १२० अंशांच्या आत ठेवावे, ठिणगी अडवणारी जाळी लावावी. विकत घेताना हा खोका कोटेशनमध्ये आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा नसतो.

तुकड्यांचा आकार: २० किलोवॅटच्या संचाला २५ ते ५० मिलिमीटर. याहून लांब काटक्या आडव्या पडतात आणि लाकूड कमान धरते. वर लाकूड, मध्ये पोकळी, खाली निखारा संपत आलेला. मग एकदम कमान कोसळते, कच्चे लाकूड थेट निखाऱ्यात पडते आणि पुढची दहा मिनिटे गॅसमध्ये टारचा लोंढा येतो. चुरा याच्या उलट त्रास देतो. तो फटी बुजवतो, हवेला एखादेच बीळ सापडते, त्या बिळाभोवती आग आणि बाकीचा थर थंड. चाळणीने चुरा आधीच काढून टाकावा. भुसा चालत नाही, आणि "थोडा मिसळला तर काय होते" या विचाराने तर कधीच चालत नाही.

कोणते इंधन घ्यावे? सुबाभूळ, बाभूळ, वेडी बाभूळ, निलगिरी हे नीट तोडून वाळवले तर उत्तम. नारळाची करवंटी फार चांगली: घट्ट, कमी राखेची, कोळसा टणक. सोडण मात्र टाळावे, ते हलके आणि तंतूंचे असते, कमान धरते. काजूची टरफले कोकणात ढिगाने मिळतात म्हणून मोह होतो. त्यांच्यातले तेल फिनॉलच्या जातीचे आहे आणि गॅसमध्ये तसेच चिकट होऊन उतरते. इंजिनासाठी टरफले घालू नयेत, तेल काढलेली पेंडही फार जपून.

विदर्भ-मराठवाड्यातली पऱ्हाटी आणि तुराट्या यांचे तुकडे करून वापरता येतात, पण हलक्या असल्यामुळे त्या झपाट्याने खाली सरकतात आणि भट्टीत राहण्याचा वेळ घटतो. राखही लाकडापेक्षा जास्त. त्यांच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या कांड्या) केल्या तर घनता मिळते, पण ब्रिकेट तापल्यावर फुटते का, हे आधी तपासावे. एक ब्रिकेट निखाऱ्यात लाल होईपर्यंत ठेवा आणि चिमट्याने उचला. भुगा झाला तर ती भट्टीतही भुगाच होणार आणि मग चुऱ्याचे सगळे त्रास आले. भाताचे तूस या रचनेचे इंधनच नव्हे. त्यात १५ ते २० टक्के राख आणि त्या राखेत बहुतांश सिलिका. त्याला वेगळ्या धाटणीची भट्टी लागते. राख वितळून वीटभट्टीत धरतो तसा खंगर धरला की तो फोडायला संच थंड करावा लागतो, आणि खंगराभोवतीच्या फटींतून टार निसटतो तो वेगळाच.

सुरू करणे आणि बंद करणे

दिवसभरातला सर्वांत जास्त टार पहिल्या वीस मिनिटांत येतो, कारण थर थंड असतो. रिकामी भट्टी सुरू करताना जाळीपासून नोझलच्या वर १५-२० सेंटिमीटरपर्यंत १५ ते ४० मिलिमीटरचा लोणारी कोळसा भरावा आणि त्यावर लाकूड. ब्लोअर चालू करून नोझलमधून टेंभा धरावा. निखारा धरला की गॅस फ्लेअरवर (बाहेर जाळून टाकायच्या नळीवर) जाळायचा, इंजिनाकडचा व्हॉल्व्ह बंद. फ्लेअरची ज्वाला सुरुवातीला पिवळी, काजळी सोडणारी असते. ती फिकट निळसर, स्थिर होईपर्यंत आणि भट्टीबाहेर पडणाऱ्या गॅसचे तापमान रोजच्या पातळीला टेकेपर्यंत इंजिनाला हात लावू नये. उन्हात निळी ज्वाला दिसत नाही, म्हणून फ्लेअरला सावली हवी. गिऱ्हाईक खोळंबले म्हणून पाच मिनिटे आधी व्हॉल्व्ह उघडणे, ही इंजिन खराब करण्याची सर्वांत प्रचलित रीत आहे.

बंद करताना शेवटची पंधरा-वीस मिनिटे नवे लाकूड घालू नये. भट्टी बंद झाल्यावरही वरचे कच्चे लाकूड उष्णतेने धुमसत राहते, धूर खालच्या कोळशात उतरून जमतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टार होऊन निघतो. वरचा थर जेवढा कोळसा झालेला, तेवढी पुढची सुरुवात स्वच्छ. मग नोझल बंद, वरचे झाकण बंद, पाण्याचा सील भरलेला आहे ना ते बघून मगच शेड सोडायची.

भट्टीबाहेर: धुण्याची रांग

गरम सायक्लोन (गॅस गोल फिरवून धूळ वेगळी करणारा), पाण्याच्या फवाऱ्याचा स्क्रबर (गॅस धुणारा), थंड पाण्याचा स्क्रबर, मग कापडी फिल्टर, अशी रांग या कुळातल्या संचांना असते. काही उत्पादक वाळूचे किंवा भुशाचे फिल्टर लावतात. इथे आमची पसंती थोडी आखडते.

सायक्लोन भट्टीला चिकटून आणि इन्शुलेशन केलेला हवा. मधला पाइप लांब आणि उघडा ठेवला तर जड टार तिथेच घट्ट होतो, त्यावर धूळ बसते आणि पाइपचे भोक महिन्याभरात निम्मे होते. सायक्लोनच्या धुळीचा डबा हवाबंद नसेल तर बाहेरची हवा गरम गॅसमध्ये शिरते आणि तो पेट घेऊ शकतो. तो धोका टारपेक्षा मोठा आहे.

थंड पाण्याच्या स्क्रबरची कल्पना चांगली आहे: गॅस जितका थंड, तितके हलके टार आणि बाष्प आधीच उतरते, इंजिनापर्यंत पोहोचत नाही. पण त्यातून निघालेला गॅस बाष्पाने तुडुंब असतो. तो तसाच कापडी फिल्टरमध्ये सोडला तर कापड ओले होऊन चोंदते. फिल्टरच्या आधी गॅस काही अंशांनी पुन्हा कोमट करणारा तुकडा असलाच पाहिजे. स्क्रबरचे फवारे चोंदतात हे गृहीत धरून प्रत्येक फवारा संच न उघडता बाहेरून काढता येतो का, ते विकत घेण्याआधी स्वतः काढून बघावे.

प्रत्येक फिल्टरच्या दोन बाजूंना पाण्याचा यू-नळीचा मॅनोमीटर (दाबातला फरक दाखवणारी नळी) लावा. नवा संच पूर्ण भारावर स्वच्छ चालत असताना प्रत्येक ठिकाणचा आकडा भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. आकडा दुप्पट झाला की तो फिल्टर साफ करायचा. भट्टीच्या दोन टोकांमधला दाब वाढला तर चुरा किंवा खंगर, अचानक घटला तर पोकळी किंवा बीळ. एवढ्या स्वस्त उपकरणाइतकी माहिती महागडा पॅनेलही देत नाही.

स्क्रबरच्या पाण्याबद्दल मात्र तडजोड नाही. त्यात फिनॉल उतरतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातली फिनॉलची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. एवढ्या कडक मर्यादेपुढे स्क्रबरच्या पाण्याची एखादी बादलीही विहिरीजवळ ओतणे म्हणजे गावाचे पाणी नासवणे. पाणी बंद चक्रात फिरवायचे, तुरटी आणि चुन्याने गाळ बसवायचा, वरचे पाणी सक्रिय कोळशातून काढून पुन्हा वापरायचे. हौदाला गळती नसलेले अस्तर हवे आणि पावसाचे पाणी त्यात शिरू नये, नाहीतर जुलैत हौद नाल्यात वाहतो. टारने भरलेला भुसा, चोथा उघड्यावर जाळू नये. विक्रेत्याच्या आराखड्यात हौद, गाळाची जागा आणि हे सगळे दाखवलेले नसेल तर संचाची किंमत अजून पूर्ण सांगितलेलीच नाही, असे समजावे.

मोजल्याशिवाय विश्वास नाही

रोजची तपासणी सोपी. इंजिनाच्या अगदी आधी एक बारीक कॉक ठेवा आणि पांढऱ्या फिल्टर पेपरमधून दोन मिनिटे गॅस सोडा. कोरडा राखाडी डाग म्हणजे धूळ. पिवळा-तपकिरी, बोटाला चिकटणारा डाग म्हणजे टार. तारीख टाकून कागद वहीत चिकटवत जा. आठवड्याभरात रंग गडद होताना दिसला की कारण इंधनात आहे की भारात, ते वहीवरूनच कळते.

खरा आकडा हवा असेल तर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय तांत्रिक तपशिलाच्या धर्तीवर आयसोप्रोपेनॉलच्या (अल्कोहोलच्या जातीच्या द्रवाच्या) बाटल्यांत टार विरघळवून तोलण्याची पद्धत वापरावी. साफ झालेल्या गॅससाठी तिचे सुटसुटीत रूप असे: वजन केलेला काचतंतूचा फिल्टर पेपर, त्यानंतर बर्फ-मिठाच्या टोपात चार बाटल्या, प्रत्येकीत ५० ते १०० मिलिलिटर आयसोप्रोपेनॉल, मग सिलिका जेलची बाटली, पंप आणि गॅस मीटर. मिनिटाला १० लिटर दराने १०० मिनिटांत एक घनमीटर गॅस जातो. द्रावण ६० अंशांच्या आत बाष्पीभवनाने उडवून उरलेला अवशेष ०.१ मिलिग्रॅमपर्यंत अचूक तराजूवर तोलायचा. आलेले मिलिग्रॅम म्हणजे थेट दर घनमीटरचा टार. या पद्धतीत बेंझीन, टोल्युइनसारखी हलकी संयुगे उडून जातात, पण इंजिनात चिकटणारी जड मागे राहतात, त्यामुळे आपल्या कामाला आकडा पुरतो. दोन सावधगिऱ्या: आयसोप्रोपेनॉल ज्वालाग्राही आहे, आणि पंपातून बाहेर पडणारा गॅस विषारी, त्याची नळी शेडच्या बाहेर न्यावी.

इतर उपायांबद्दल थोडे

डोलोमाइट आणि ऑलिव्हिन ही खनिजे, निकेल यांसारखे उत्प्रेरक टार चांगले तोडतात. ऑस्ट्रियातल्या ग्युसिंगच्या ८ मेगावॅट औष्णिक क्षमतेच्या संयंत्रात फ्लुइडाइज्ड बेडमध्ये ऑलिव्हिन वापरले आणि उरलेला टार मोहरीच्या जातीच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलने धुतला. त्या आकारमानाला ते परवडते. २० किलोवॅटच्या संचाला निकेल लावले तर गंधक आणि काजळीने ते निकामी होते आणि डोलोमाइट भुगा होऊन धूळ वाढवते. एवढ्या संचासाठी तापलेला कोळशाचा थर हाच परवडणारा उत्प्रेरक.

रचनेच्या दृष्टीने ओपन-टॉपच्या पुढे गेलेला नमुना हवा असेल तर डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातला २००२ चा ७५ किलोवॅट औष्णिक क्षमतेचा 'वायकिंग' पाहावा. त्यात लाकडाचा धूर वेगळ्या तापवलेल्या स्क्रूमध्ये काढतात, मग तो हवेने अंशतः जाळतात आणि शेवटी कोळशाच्या थरातून नेतात. टार नगण्य राहतो. पण जास्त भाग, जास्त सील आणि बाहेरून तापवण्याची व्यवस्था हे सगळे आले. गावातल्या फिटरला दुरुस्त करता येईल असे ते यंत्र नाही, आणि आमच्या हिशेबात हा मुद्दा जड ठरतो.

इंजिन चालवायचे नसून फक्त उष्णता हवी असेल तर इथली अर्धी यादी गळून पडते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटावर चालणारा औष्णिक गॅसिफायर विकसित केला, तो याच तत्त्वावर: गॅस गरमच बर्नरमध्ये न्या, टार घट्ट व्हायच्या आत तो ज्वालेत जळतो आणि त्याची उष्णताही हाती लागते. गुऱ्हाळ, काजू भाजणी, वाळवणी अशा कामांना स्क्रबर लावणे म्हणजे पाणी नासवून उष्णता फेकून देणे. पाइप आखूड आणि गुंडाळलेला ठेवला की झाले.

विकत घेताना

पैसे तीन हप्त्यांत द्यावेत आणि शेवटचा हप्ता चाचणीनंतर. चाचणी आपल्या इंधनावर, विक्रेत्याने आणलेल्या निवडक लाकडावर नव्हे. इंधनाचा ओलावा त्याच दिवशी ओव्हनने मोजावा. आठ तास पूर्ण भारावर आणि दोन तास ४० टक्के भारावर चालवावे, दोन्ही वेळा टारचा नमुना घ्यावा आणि करारात १०० मिलिग्रॅमची मर्यादा दोन्ही भारांसाठी लिहून घ्यावी. स्क्रबरमध्ये भरलेले पाणी आधी आणि नंतर मोजावे. मग इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे. सकाळी इनटेक मॅनिफोल्ड उघडून व्हॉल्व्हचा दांडा हाताने फिरवून पाहावा. टार गरम असताना मऊ असतो आणि रात्रीच्या गारठ्यात कडक होतो, म्हणून ही तपासणी चालू इंजिनावर करून उपयोग नाही. दांडा मोकळा फिरला आणि बोटाला फक्त कोरडी काजळी लागली, तर शेवटचा हप्ता द्यावा.